सॉल्सबरीची सर्दी आणि दम्याचं कोडं

१९९० साली इंग्लंडमधल्या सॉल्सबरी गावाबाहेरचं ‘कॉमन कोल्ड युनिट’ बंद झालं. चव्वेचाळीस वर्षं तिथे निरोगी माणसांच्या नाकात विषाणू सोडून सर्दीचा अभ्यास चालला होता, आणि इतकं करूनही सर्दीवर औषध सापडलं नव्हतं. त्यामुळे वैद्यकाच्या इतिहासात या केंद्राची नोंद चिकाटीचा पण निष्फळ प्रयत्न अशीच बहुतेकदा होते. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. दमा एकाएकी का उसळतो, हा श्वसनविकारांतला फार जुना प्रश्न. त्याच्या उत्तराचे दोन मोठे तुकडे, सर्दीचा विषाणू आणि त्याला अडवणारं इंटरफेरॉन, याच केंद्राच्या हाताखालून गेले होते. ते दम्याशी जुळवायला मात्र फार उशीर झाला, कारण सर्दी विषाणूतज्ज्ञांकडे होती आणि दमा ॲलर्जीतज्ज्ञांकडे. आज हाती आलेलं चित्र थोडक्यात असं : ॲलर्जी आणि विषाणूंचा प्रतिकार या शरीराच्या दोन यंत्रणा एकमेकींना दाबून धरतात. ॲलर्जीचा जोर असला की विषाणूंशी लढणारी यंत्रणा उशिरा आणि दुबळेपणानं जागी होते. आणि ती दुबळी पडली की विषाणू ॲलर्जीचाच दाह वाढवतो. दमा म्हणजे शरीराचा अतिरेकी प्रतिकार, ही विसाव्या शतकाची समजूत म्हणूनच अर्धी होती. तिचा उरलेला अर्धा भाग कसा उलगडत गेला, ते पाहण्यासारखं आहे.

सर्दी आणि दम्याचं नातं जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. चरकसंहितेतल्या तमक श्वासाच्या, म्हणजे दम्याच्या, वर्णनात पीनस म्हणजे पडसं आणि गळ्यातली घुरघुर शेजारी शेजारी येतात, आणि ढगाळ हवा, पाऊस, थंडी, पूर्वेचा वारा यांनी हा विकार वाढतो असंही तिथे म्हटलेलं आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये राहणाऱ्या मायमोनिडीज या वैद्यानं दम्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यातही पावसाळी दिवसांत साध्या पडशानं सुरुवात होऊन रुग्णाला धाप लागते, हे निरीक्षण आहे. मग हे नातं मागे का पडलं? त्याचं कारण विसाव्या शतकाच्या आरंभी मिळालेल्या एका मोठ्या यशात आहे. १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ॲलर्जीची कल्पना मांडली. १९११ साली लंडनच्या लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांची इंजेक्शनं देऊन परागज्वर आटोक्यात आणण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. दम्याच्या रुग्णाला कशाचं वावडं आहे हे कातडीवर ओरखडा काढून तपासता येऊ लागलं. १९६६ साली डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं ॲलर्जीला जबाबदार असलेलं प्रतिपिंड वेगळं ओळखलं, आणि त्यापाठोपाठ स्वीडनच्या उप्साला इथूनही तेच पुढे आलं. त्याला पुढे आयजीई हे नाव मिळालं. ज्याची चाचणी करता येते त्याच्याभोवती शास्त्र उभं राहतं. धूळ, पराग आणि मांजर यांची चाचणी होत होती. पडशाची होत नव्हती. बोस्टनचे फ्रान्सिस रॅकमन यांच्यासारख्या चिकित्सकांनी बाहेरच्या कारणांनी होणारा दमा आणि आतून उद्‌भवणारा दमा अशी विभागणी केली, आणि सर्दीनं उसळणारा दमा या दुसऱ्या, धूसर खान्यात जाऊन पडला.

पडशाची चाचणी करायची तर आधी पडसं हातात यावं लागतं, आणि ते काम सॉल्सबरीला झालं. १९४१ साली, युद्धात साथी पसरतील या भीतीनं, हार्वर्ड विद्यापीठ आणि अमेरिकन रेडक्रॉस यांनी गावाबाहेरच्या टेकडीवर सुट्या भागांच्या लाकडी बराकी उभारून साथीच्या रोगांचं इस्पितळ थाटलं होतं. युद्ध संपल्यावर ते ब्रिटिशांच्या हाती आलं आणि १९४६ साली मेडिकल रिसर्च कौन्सिलनं तिथे सर्दीचं केंद्र उघडलं. प्रमुख होते ख्रिस्तोफर अँड्र्यूज. १९३३ साली फेरेट या प्राण्याच्या मदतीनं माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा करणाऱ्या तिघांपैकी ते एक. सर्दीसाठी मात्र असा सोयीचा प्राणी मिळेना, म्हणून माणसंच बोलवावी लागली. स्वयंसेवक साधारण दहा दिवसांसाठी येत; राहणं-खाणं फुकट आणि वर थोडा हातखर्च. दोघा-तिघांच्या गटानं एका बराकीत राहायचं आणि बाकी सगळ्यांपासून लांब. पहिले काही दिवस कोणी आधीच सर्दी घेऊन आलेलं नाही ना, एवढंच पाहायचं. मग नाकात थेंब सोडायचे. कोणाच्या थेंबांत विषाणू आहे आणि कोणाच्या थेंबांत नुसतं द्रावण आहे, हे ना स्वयंसेवकाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. सर्दी किती जोराची हे ठरवताना दिवसभरात किती कागदी रुमाल वापरले गेले हेही मोजलं जाई. गार वाऱ्यानं सर्दी होते का हे पाहण्यासाठी काहींना गरम पाण्यानं आंघोळ घालून ओल्या अंगानं वाऱ्याच्या बोळात उभं केलं, ओले मोजे घालून बसवलं. नुसत्या गारठ्यानं सर्दी होत नाही असाच निष्कर्ष निघाला. या शिस्तीचं महत्त्व फार मोठं आहे. संसर्गाचा नेमका क्षण माहीत असलेला, तुलनेसाठी शेजारी निरोगी गट असलेला, माणसांवरचा सर्दीचा प्रयोग कसा करायचा, याचा धडा इथे घालून दिला गेला.

विषाणू प्रयोगशाळेत वाढवणं मात्र वर्षानुवर्षं जमत नव्हतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत एक-दोन जाती सापडल्या होत्या. पण खरी वाट १९६० साली सॉल्सबरीच्या डेव्हिड टिरेल यांनी मोकळी केली. शरीराच्या ३७ अंश तापमानाऐवजी नाकाच्या आतलं ३३ अंश तापमान, किंचित आम्लधर्मी द्रावण आणि संथपणे फिरत्या नळ्या, एवढ्या बदलांनी सर्दीचा विषाणू पेशींमध्ये वाढू लागला. हाच रायनोव्हायरस. त्याच्या जाती शंभराच्या वर भरल्या आणि लशीची आशा तिथेच मावळली. दुसरा तुकडा लंडनच्या मिल हिल इथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेतून आला. १९५७ साली ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे उष्णतेनं निष्प्रभ केलेल्या इन्फ्लुएन्झा विषाणूच्या संपर्कात ठेवले, आणि त्या पेशींनी बाहेर सोडलेला एक पदार्थ इतर पेशींनाही विषाणूपासून वाचवतो असं दाखवून दिलं. हे इंटरफेरॉन. फिनलंडमध्ये रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून ते मोठ्या कष्टानं तयार होऊ लागल्यावर १९७३ साली सॉल्सबरीच्या स्वयंसेवकांच्या नाकात ते फवारलं गेलं आणि मागाहून रायनोव्हायरस सोडला. सर्दी लक्षणीयरीत्या रोखली गेली. पुढे जैवतंत्रज्ञानानं इंटरफेरॉन मुबलक झालं. पण रोज फवारावं तर नाक चोंदतं, रक्त येतं, आणि सर्दी सुरू झाल्यावर द्यावं तर फारसा उपयोग नाही. आठवडाभरात आपोआप जाणाऱ्या दुखण्यासाठी हा सौदा परवडणारा नव्हता. प्रश्न असा होता की, ज्याच्यासाठी सर्दी हे किरकोळ दुखणं नाही त्या रुग्णाचं काय? तो प्रश्न विचारणारे लोक दुसऱ्या विभागात बसत होते.

त्यांनी तो विचारला नव्हता असं मात्र नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्व्हर आणि विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन इथल्या संशोधकांनी दमेकरी मुलांच्या झटक्यांशी विषाणूंचा संबंध दाखवला होता. पण पेशींत विषाणू वाढवून ओळखण्याची पद्धत तोकडी होती. बहुतांश झटक्यांत काहीच सापडत नसे, आणि ‘असेल थोडाफार संबंध’ एवढ्यावर गोष्ट थांबे. विषाणूचा जनुकीय अंशही ओळखणाऱ्या पीसीआर तंत्रामुळे हे बदललं. साउदॅम्प्टन परिसरातल्या ९ ते ११ वर्षं वयाच्या १०८ मुलांवर तेरा महिने नजर ठेवणारा अभ्यास १९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मुलं घरी रोज फुंकर मारून श्वासाचा जोर मोजत, लक्षणांची वही भरत. त्रास सुरू झाला की नाकाचा नमुना घेतला जाई. श्वासाचा जोर घटण्याच्या सुमारे ८० टक्के प्रसंगांत विषाणू सापडला, आणि त्यांतला मोठा वाटा रायनोव्हायरसच्या कुळाचा होता. प्रमुख लेखक सेबॅस्टियन जॉन्स्टन आणि दम्याचे ख्यातनाम अभ्यासक स्टीफन होलगेट यांच्याबरोबर लेखकांच्या यादीत आणखी एक नाव आहे : डेव्हिड टिरेल. सॉल्सबरीचं केंद्र बंद होऊन पाच वर्षं झाली होती. विषाणूंची विद्या आणि दम्याची विद्या एका कागदावर आली, आणि जे धूसर खान्यात टाकलं होतं तेच मुलांच्या दम्याच्या झटक्यांचं सर्वांत मोठं कारण ठरलं.

इथे एक गंभीर अडचण उभी राहिली. १९८६ साली टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांतल्या मदतनीस टी-पेशींचे दोन प्रकार वेगळे केले होते, आणि त्यावरून एक सुटसुटीत मांडणी रूढ झाली : एक फळी जंतूंशी लढते, दुसरी ॲलर्जी घडवते, आणि एक वर गेली की दुसरी खाली येते. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ साली जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांच्या नोंदींवरून दाखवलं की, मोठी भावंडं जास्त असलेल्या मुलांत परागज्वर कमी आढळतो. लहानपणीचे संसर्ग ॲलर्जीपासून वाचवत असावेत, असा त्यांचा कयास होता. या दोन्ही विचारांनुसार विषाणूच्या संसर्गानं ॲलर्जी ओसरायला हवी. प्रत्यक्षात संसर्गानं दमा उसळत होता. शिवाय सर्दी सर्वांनाच होते; मग बहुतेकांची नाकाशी संपते आणि दमेकऱ्याची छातीत का उतरते? उत्तराची पहिली खूण २००५ साली मिळाली. साउदॅम्प्टनमध्ये पीटर वॉर्क आणि सहकाऱ्यांनी दमेकऱ्यांच्या आणि निरोगी माणसांच्या श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी काढून, वाढवून, त्यांना रायनोव्हायरसची लागण केली. दमेकऱ्यांच्या पेशींनी इंटरफेरॉन-बीटा कमी तयार केलं. निरोगी पेशी लागण होताच स्वतः मरून विषाणूची वाढ रोखत होत्या. दमेकऱ्यांच्या पेशी तग धरून विषाणू पिकवत होत्या. बाहेरून इंटरफेरॉन घालताच हा दोष भरून निघाला. पुढच्याच वर्षी इंटरफेरॉन-लॅम्डाबद्दल तसंच आढळलं, आणि ते जितकं कमी, तितका प्रायोगिक सर्दीत त्रास जास्त, हेही दिसलं. संसर्ग ठरल्या वेळी देऊन मग मोजायचं, ही पद्धत सॉल्सबरीच्या परंपरेतलीच होती.

यंत्रणेचा तपशील नंतरच्या दहा वर्षांत भरला गेला, आणि माझ्या युक्तिवादाचा गाभा त्यातच आहे. रक्तात प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रायटिक नावाच्या थोड्याशाच पेशी असतात. विषाणू दिसताच सर्वांत भरघोस इंटरफेरॉन-अल्फा त्याच सोडतात. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या या पेशींवर आयजीई पकडून ठेवणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. २०१० साली डॅलसमधल्या मिशेल गिल यांच्या गटानं दाखवलं की, हे ग्राहक आधी उद्दीपित केले तर याच पेशी इन्फ्लुएन्झा विषाणूसमोर ठेवल्यावर इंटरफेरॉन जेमतेम सोडतात. आणि उलट बाजूनं, विषाणू व इंटरफेरॉन यांच्यामुळे त्या ग्राहकांची संख्या घटते. म्हणजे दाब दोन्हीकडून आहे. इंटरफेरॉनचं दुसरं कामही पुढे आलं. ॲलर्जीच्या दिशेनं वळणाऱ्या टी-पेशींना ते रोखतं, आणि ॲलर्जीच्या दाहातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना पाचारण करणारी आयएल-५ व आयएल-१३ ही द्रव्यं सोडणाऱ्या जन्मजात लसीकाभ पेशींनाही आवरतं. या लसीकाभ पेशींबद्दलचे उंदरांवरचे प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाले. याच्या जोडीला, विषाणूनं दुखावलेलं श्वासनलिकेचं अस्तर आयएल-३३ आणि टीएसएलपी यांसारखी धोक्याची द्रव्यं सोडतं आणि ती याच पेशींना चिथावतात. इंटरफेरॉन वेळेवर आलं तर विषाणू अडतो आणि चिथावणीही आवरली जाते. ते उशिरा आलं तर विषाणू वाढतो, अस्तर अधिक दुखावतं, चिथावणी वाढते आणि आवरणारं कोणी नसतं. जुन्या मांडणीतला परस्परविरोध खोटा नव्हताच. विषाणूप्रतिकार ॲलर्जीला दाबतो हे खरंच आहे. चूक एवढीच होती की, दमेकऱ्यात तो प्रतिकार पुरेसा उभा राहतो हे गृहीत धरलं गेलं होतं.

हे सगळं काचपात्रातलं आणि उंदरातलं, माणसाच्या आयुष्यात त्याचा काय पुरावा, असा आक्षेप घेता येतो, आणि तो रास्त आहे. पुरावा शाळेच्या वेळापत्रकातून आला. कॅनडात नील जॉन्स्टन आणि माल्कम सिअर्स यांनी दरवर्षीच्या नोंदी मांडल्या, तेव्हा उन्हाळी सुटीनंतर शाळा भरल्यावर साधारण अडीच आठवड्यांनी मुलांच्या दम्याच्या झटक्यांनी इस्पितळं भरतात, हे घड्याळासारखं नियमित दिसलं. त्या आठवड्यांत वर्गावर्गांतून रायनोव्हायरस फिरत असतो. आता, आयजीईला बांधून निकामी करणारं ओमॅलिझुमॅब हे औषध विषाणूवर थेट काहीच करत नाही. तरीही २०११ साली अमेरिकेच्या शहरी वस्त्यांतल्या ४१९ मुलामुलींवर आणि तरुणांवर झालेल्या चाचणीत या औषधानं झटके तर घटलेच, शिवाय ऋतूनुसार येणारी ती लाटच जवळपास सपाट झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या चाचणीत शाळा सुरू होण्याच्या चार ते सहा आठवडे आधीपासून औषध दिलं. झटक्यांचं प्रमाण औषधाविना २१ टक्के तर औषधासह ११.३ टक्के राहिलं. त्याच मुलांच्या रक्तपेशींची रायनोव्हायरसला इंटरफेरॉनद्वारे उत्तर देण्याची क्षमता औषधानं वाढली होती, आणि ज्यांच्यात ती वाढली त्यांना झटके कमी आले. ॲलर्जीचा हात सैल केला की विषाणूप्रतिकार डोकं वर काढतो, याचा माणसातला इतका थेट दाखला दुसरा नाही.

आणखी तीन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. पहिला असा की, इंटरफेरॉनची उणीव सगळ्यांना सापडलेली नाही. २०१४ साली दमा नीट आटोक्यात असलेल्या रुग्णांत ती दिसली नाही. या निष्कर्षानं मांडणी मोडत नाही, ती अधिक नेमकी होते. उणीव जन्मजात असती तर ती सर्वांत आणि सदैव दिसली असती; ॲलर्जीच्या दाबामुळे येत असेल तर दाह शमलेल्या रुग्णात ती दिसू नये, आणि तसंच घडलं. दुसरा आक्षेप औषधाचा. २०१४ सालीच दमेकऱ्यांना सर्दी लागताच इंटरफेरॉन-बीटा श्वासावाटे देऊन पाहिलं, आणि चाचणीचं मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. हे मान्यच करायला हवं. पण त्या चाचणीतल्या पुष्कळांचा दमा सर्दीनं फारसा बिघडलाच नव्हता. कठीण दम्याच्या उपगटात फायद्याची चिन्हं होती, आणि सर्दी सुरू झाल्यावर इंटरफेरॉनला उशीर झालेला असतो हे तर जुन्याच चाचण्यांनी सांगितलं होतं. तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार : प्रतिकार दुबळा पडणं हेच मूळ असेल, तर प्रतिकार दाबणाऱ्या स्टिरॉइडच्या इन्हेलरनं झटके कमी का होतात? प्रयोगशाळेत स्टिरॉइड इंटरफेरॉनची निर्मितीही दाबतात, हे खरं आहे. पण नियमित इन्हेलर ज्या ॲलर्जिक दाहाला शमवतो तोच दाह झटक्याची पूर्वतयारी करत असतो, आणि बहुतेक रुग्णांत हा लाभ त्या तोट्यावर मात करतो. म्हणूनच इन्हेलर बंद करण्याचं समर्थन या इतिहासातून निघत नाही. सर्दीच्या हंगामाआधी तो न चुकता घेण्याचं निघतं.

दम्याची सुरुवातही याच नात्यातून होते का, हा पुढचा प्रश्न मॅडिसनमध्ये १९९८ साली हाती घेतला गेला. आईवडिलांना ॲलर्जी किंवा दमा असलेल्या बाळांचा जन्मापासून पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या तीन वर्षांत रायनोव्हायरसमुळे घरघर झालेल्या मुलांना सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता जवळपास दहापट निघाली. विषाणू दमा घडवतो की दम्याकडे झुकलेलं मूल विषाणूला बळी पडतं, यावर बरीच वर्षं वाद झाला. त्याच अभ्यासातून २०१२ साली दिसलं की, ॲलर्जी आधी येते आणि विषाणूची घरघर नंतर. उलटा क्रम दिसत नाही. घटनांचा हा क्रम इथवरच्या युक्तिवादाशी जुळतो.

एका आजाराचे दोन भाग दोन विभागांत वाटले गेले की दोन्हीकडे अपुरी उत्तरं तयार होतात, आणि ती आपापल्या जागी बरोबरच वाटतात. सॉल्सबरीच्या संशोधकांना इंटरफेरॉनची ताकद दिसली, पण निरोगी स्वयंसेवकांत त्याची गरज दिसली नाही. ॲलर्जीतज्ज्ञांना दाह दिसला, पण विषाणू मोजायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. त्याची किंमत त्या दोन-तीन पिढ्यांतल्या मुलांनी मोजली; दर हंगामात सर्दी होताच त्यांना धाप लागायची, आणि घरच्यांना धूळ झाडा, मांजर ठेवू नका एवढंच सांगितलं जायचं. २०२१ साली अमेरिकेत मंजूर झालेलं टेझेपेलुमॅब हे औषध टीएसएलपीला, म्हणजे अस्तराच्या त्या धोक्याच्या हाकेलाच अडवतं. पराग असो वा विषाणू, हाक एकच असते हे ओळखून ते घडवलेलं आहे. ही दिशा योग्य आहे, पण ही औषधं महाग आहेत आणि बहुसंख्य दमेकऱ्यांच्या आवाक्याबाहेर. तोवर हाती असलेलं ज्ञान वापरणं आपलं कर्तव्य आहे : दमेकऱ्याची सर्दी किरकोळ मानू नये, मुलाच्या उपचारांची आखणी शाळा आणि साथींचा हंगाम पाहून करावी, आणि ॲलर्जीवरचा रोजचा उपचार हा विषाणूविरुद्धचाही उपचार आहे हे पालकांना समजावून सांगावं. सर्दीवर औषध न सापडलेल्या त्या केंद्राचं देणं असं मोजलं पाहिजे.